दफ्तर कंपनीचे, ठसा फासावर गेलेल्याचा

इतिहासाचार्य राजवाडे यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' खंडशः प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला, तेव्हापासून मराठी वाचकाला एक चांगली खोड लागली आहे. कोणी काही ऐतिहासिक विधान केले की तो लगेच विचारतो, 'कागद कोठे आहे?' ही खोड सुटू नये. परंतु तिच्या पोटात एक अन्यायही दडलेला आहे, आणि त्याचा विचार आपण फारसा करीत नाही. माळ्यावर रुमालात बांधलेली दफ्तरे ज्या घरांत सापडली ती घरे वतनदारांची, सरदारांची, सावकारांची होती. त्यांच्याकडे लिहिणारा कारकून होता. ज्याच्या घरी कारकून नव्हता आणि ज्याला स्वतःलाही सही करता येत नव्हती, त्याने कागद आणायचा कोठून? आणि त्याच्याविरुद्धचे सारे कागद त्याच्या प्रतिपक्षानेच लिहून ठेवलेले असतील, तर त्या कागदांच्या आधारे दिलेल्या निकालाला न्याय म्हणायचे काय?

हा प्रश्न अमेरिकेतील पेनसिल्व्हानिया राज्यातल्या कोळसाखाणींच्या मुलुखात जितका तीव्रपणे उभा राहतो तितका क्वचितच कोठे राहत असेल. २१ जून १८७७ या एका दिवशी त्या राज्यात दहा आयरिश माणसांना फाशी देण्यात आले. सहांना पॉट्सव्हिल येथे आणि चौघांना मॉक चंक येथे. पुढील दोन वर्षांत आणखी दहा फासावर गेले. खाणींतील मुकादम, अधीक्षक आणि इतर काही व्यक्तींचे खून 'मॉली मॅग्वायर' नावाच्या गुप्त मंडळीने केले व ही वीस माणसे त्या मंडळीची होती, असा आरोप होता. २०२७ साली त्या दिवसाला दीडशे वर्षे भरतात. एवढ्या काळात या प्रकरणावर ग्रंथ लिहिले गेले, १९७० साली शॉन कॉनरी यांचा चित्रपट निघाला, शेरलॉक होम्सच्या 'द व्हॅली ऑफ फिअर' या कादंबरीचे कथानकही याच प्रकरणावरून सुचलेले आहे. तरीही, यांतील कोण दोषी होता आणि कोण नव्हता, याचा निर्णय आजही लागलेला नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते तो लागणारही नाही. त्याचे कारण पुराव्यांच्या अभावापेक्षा पुराव्यांच्या मालकीत शोधावे लागेल.

चिठ्ठीच्या तळाशी असलेले शून्य

त्या मुलुखातील संग्रहालयांत आणि घराघरांत ज्या वस्तू जपून ठेवल्या जातात त्यांत डोक्याला लावायचे तेलाचे दिवे आहेत, जेवणाचे डबे आहेत, कुदळी आहेत, जपमाळा आहेत. परंतु अर्थशास्त्राच्या अध्यापकाने थांबून पाहावी अशी वस्तू म्हणजे पगाराची चिठ्ठी. खाणकऱ्याला वेतन दिवसावर मिळत नसे. त्याने भरलेल्या गाड्यांवर किंवा कोळशाच्या वजनावर मिळे. सुरुंगाची दारू त्याने स्वतःच्या पैशाने घ्यायची, दिव्याचे तेल त्यानेच घ्यायचे, हत्यारांना धार लावण्याचा खर्चही त्याचाच. ज्या घरात तो राही ते बहुधा कंपनीचे असे व त्याचे भाडे वेतनातून कापले जाई. ज्या दुकानातून पीठ आणि कापड आणायचे तेही अनेक ठिकाणी कंपनीचेच असे. या साऱ्या वजावटी एकाखाली एक लिहून महिन्याच्या अखेरीस चिठ्ठीच्या तळाशी जी रक्कम उरे ती कित्येकदा शून्य असे. अशा चिठ्ठीला खाणकरी 'शेपूटतुटकी चिठ्ठी' म्हणत. नाव विनोदी आहे. घरी जाऊन ते बायकोला सांगणे विनोदी नसावे.

वेतन हे श्रमाच्या सीमांत उत्पादकतेनुसार ठरते, असे आम्ही वर्गात फळ्यावर वक्ररेषा काढून शिकवतो. ते चूक आहे असे नाही. परंतु विकणारा, विकत घेणारा, घरमालक आणि वाणी हे चौघेही जेथे एकच असतात तेथे त्या रेषेला टेकायला बाजारपेठच उरत नाही, ही गोष्ट त्या एका चिठ्ठीवरून जितकी लवकर कळते तितकी पाठ्यपुस्तकावरून कळत नाही.

या परिस्थितीवर खाणकऱ्यांनी शोधलेला पहिला उपाय पिस्तुलाचा नव्हता, हे विशेष ध्यानात घेतले पाहिजे. जॉन सायनी या मितभाषी, समेटप्रिय पुढाऱ्याच्या नेतृत्वाखाली १८६८ साली त्यांची कामगार संघटना उभी राहिली. इंग्लिश, वेल्श, जर्मन आणि आयरिश, एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे लोक तिच्यात एकत्र आले. ६ सप्टेंबर १८६९ रोजी ॲव्हनडेलच्या खाणीत आग लागली. खाणीला बाहेर पडण्याचा मार्ग एकच होता. ११० माणसे दगावली. त्यानंतर खाणींची तपासणी करण्याचा कायदा राज्याने १८७० साली केला, त्यामागे या संघटनेचा रेटा होता. तिने मालकांशी लेखी करार केला. कोळशाचा भाव चढला तर वेतन चढावे आणि उतरला तर उतरावे, हे चढउताराचे तत्त्वही तिने मान्य केले होते. आजच्या भाषेत बोलायचे तर व्यापारातल्या जोखमीचा वाटा कामगारांनी आपण होऊन पत्करला होता. त्यांचे म्हणणे एवढेच होते की या घसरणीला कोठेतरी तळ असावा.

रेल्वेचा अध्यक्ष, खाणींचा मालक, सरकारचा वकील

तळ असू नये असे ज्याला वाटत होते त्या गृहस्थांचे नाव फ्रँकलिन गोवेन. फिलाडेल्फिया अँड रेडिंग या रेल्वे कंपनीचे ते अध्यक्ष. अत्यंत बुद्धिमान, वक्तृत्वसंपन्न आणि धडाडीचा माणूस. १८७१ साली कामगारांशी समझोता करू पाहणाऱ्या लहान खाणमालकांना आवर घालण्यासाठी त्यांनी कोळशाच्या वाहतुकीचे दर एकदम चढवले. समझोता केलेला कोळसा बाजारापर्यंत पोहोचणेच परवडू नये, अशी ती व्यवस्था होती. विधिमंडळाने चौकशी केली, परंतु तिच्यातूनही गोवेन विजयी होऊनच बाहेर पडले. रेल्वे कंपनीला खाणी घेण्याची मुभा नव्हती, तेव्हा निरुपद्रवी नावाची एक उपकंपनी काढून त्यांनी काही वर्षांत सुमारे एक लाख एकर कोळशाची जमीन खरेदी केली. १८७३ च्या आर्थिक मंदीनंतर त्यांच्या मार्गात एकच अडसर उरला होता, तो म्हणजे सायनीची संघटना.

जानेवारी १८७५ मध्ये मालकांनी खाणकऱ्यांच्या दरात २० टक्के कपात जाहीर केली आणि 'दीर्घ संप' म्हणून ओळखला जाणारा लढा सुरू झाला. तो जूनपर्यंत चालला. मालकांनी कोळशाचे साठे आधीच करून ठेवले होते. खाणकऱ्यांच्या घरात साठा कशाचाच नव्हता. उपाशी माणसे अखेर मालकांच्या अटींवर कामावर परतली आणि संघटना मोडली. संप मोडल्यानंतर त्या उन्हाळ्यात आणि शरदात खुनांची मालिका वाढली, हा क्रम अभ्यासकांनी वारंवार दाखवून दिला आहे. बोलणी करणारी संस्था नाहीशी झाली की बोलणी न करणारी माणसे पुढे येतात, यात नवल ते काय?

खून झाले, याबद्दल शंका नाही. टॅमाक्वाचा पोलीस बेंजामिन योस्ट जुलै १८७५ मध्ये रस्त्यावरचा दिवा विझवताना मारला गेला. खाण अधीक्षक जॉन जोन्स सप्टेंबरमध्ये कामावर जात असता मारला गेला. त्यांनाही बायकामुले होती, आणि मजुरांची बाजू घेणाऱ्या काही लेखकांनी या मृतांकडे केलेली डोळेझाक मला प्रामाणिकपणाची वाटत नाही. फासावर गेलेल्यांपैकी काही जण खरोखरीच खुनी असावेत. तथापि वाद त्याबद्दलचा नाही.

वाद आहे तो खटल्यांबद्दल. १८७३ साली गोवेन यांनी पिंकर्टन या खासगी हेरसंस्थेला पैसे देऊन आयरिश वस्तीत एक माणूस पेरला. जेम्स मॅकपार्लंड हे त्याचे नाव. 'मॅकेना' या खोट्या नावाने तो गुत्त्यांतून वावरला, आयरिश लोकांच्या बंधुमंडळात शिरला आणि अडीच वर्षे अहवाल धाडत राहिला. होऊ घातलेल्या खुनांची कुणकुण त्याला आधी लागत होती, मग ते टळले का नाहीत, हा प्रश्न बचाव पक्षाने तेव्हाच विचारला होता. आरोपींना पकडले ते 'कोल अँड आयर्न पोलिसां'नी, म्हणजे राज्याच्या सनदेने नेमलेल्या पण कंपनीचा पगार खाणाऱ्या शिपायांनी. पॉट्सव्हिलच्या खटल्यांत सरकारतर्फे उभे राहिले स्वतः गोवेन. मॉक चंकला उभे राहिले एका कोळसा कंपनीचे वकील जनरल आल्ब्राइट, तेही लष्करी गणवेशात. ज्यूरीत आयरिश माणूस जवळपास नव्हताच. इंग्रजी धड न समजणारे जर्मन मात्र होते. माफीचा साक्षीदार केरिगन याच्याविरुद्ध त्याच्या स्वतःच्या पत्नीने, योस्टचा खून यानेच केला, अशी साक्ष दिली, तरी ज्यूरीने विश्वास ठेवला तो केरिगनवर.

एका खासगी कंपनीने हेर नेमावा, तिच्याच शिपायांनी माणसे पकडावीत, तिच्याच वकिलांनी खटला चालवावा, आणि राज्याने न्यायालयाची खोली व फाशीचा दोर तेवढा पुरवावा! खासगीकरणाच्या गुणदोषांवर आपल्याकडे बरीच चर्चा होते. फाशीचे खासगीकरण तिच्यात सहसा येत नाही.

मॉक चंक (आजचे नाव जिम थॉर्प) येथील तुरुंग १९९५ पर्यंत वापरात होता. आता ते संग्रहालय आहे. त्यातील सतरा क्रमांकाच्या कोठडीच्या भिंतीवर हाताचा एक ठसा आहे. अलेक्झांडर कॅम्बेल या गुत्तेवाल्याला जोन्स यांच्या खुनाच्या कटात सामील असल्याबद्दल फाशी झाली. खुनाच्या जागी तो नव्हता, हे फिर्यादी पक्षालाही मान्य होते. कोठडीतून नेताना त्याने जमिनीवरची धूळ तळव्याला माखून हात भिंतीवर आपटला आणि, आपण निर्दोष आहोत, याची साक्ष म्हणून हा ठसा राहील असे बजावले, अशी आख्यायिका आहे. ठसा धुतला, त्यावर रंग दिला, गिलावा पाडून नवा केला, तरी तो पुन्हा उमटतो, असे सांगतात. तो कॅम्बेलचा नसून पुढच्या वर्षी फासावर गेलेल्या टॉमस फिशरचा आहे, असेही काही जण म्हणतात.

चमत्कारावर माझा विश्वास नाही, आणि गिलाव्यातून ठसा परत येतो ही गोष्ट कोणा रसायनशास्त्रज्ञाने तपासून सांगेपर्यंत मी ती बाजूला ठेवीन. परंतु आख्यायिका खोटी ठरली तरी तिचे मूल्य शून्य होत नाही. ज्याचे म्हणणे ज्यूरीने ऐकले नाही, वृत्तपत्रांनी छापले नाही, आणि ज्याला त्याच्या धर्मपीठानेही बहिष्कृत ठरवले, त्याच्या बाजूने बोलायला लोकांना एक भिंत तेवढी सापडली. दीडशे वर्षे एखादा समाज ही कथा सांगत राहतो, याचा अर्थ त्या समाजाने तो निकाल दीडशे वर्षे मान्य केलेला नाही. ही ऐतिहासिक वस्तुस्थितीच आहे आणि ती कोणत्याही अहवालात नोंदलेली नाही.

याउलट खटल्यात जी चिटोरी पुरावा म्हणून आली ती पाहावीत. मुकादमांना धाडलेल्या धमकीच्या पत्रांवर वेड्यावाकड्या रेषांनी शवपेटिका आणि पिस्तूल काढलेले असे. 'शवपेटी-सूचना' म्हणून ती प्रसिद्ध आहेत. पत्रांत शुद्धलेखनाच्या चुका भरपूर. त्या चुकांवरून लिहिणारा अडाणी आयरिशच असला पाहिजे, असा तर्क तेव्हा सहज स्वीकारला गेला. सही अर्थातच नाही. म्हणजे निनावी चिठोरे न्यायालयात विश्वासार्ह ठरले आणि नावानिशी हात उमटवणारा माणूस अविश्वसनीय ठरला.

मॅकपार्लंडचे अहवाल आणि रेडिंग कंपनीचे कागद मात्र उत्तम अवस्थेत आहेत. डेलावेअर राज्यातील हॅग्ली ग्रंथालयात ते पाहायला मिळतात. वेन ब्रोल यांनी १९६४ साली आणि केव्हिन केनी यांनी १९९८ साली लिहिलेले ग्रंथ अशा कागदांच्या बारकाईच्या अभ्यासावर उभे आहेत, आणि केनी यांनी तर ही अडचण उघडपणे मांडली आहे: मॉली मॅग्वायरांनी स्वतःविषयी लिहिलेले जवळजवळ काहीच उरलेले नाही, जे आहे ते त्यांच्या शत्रूंनी लिहिलेले आहे. प्रकरण ताजे असताना, १८७७ सालीच, ॲलन पिंकर्टन यांनी आपल्या संस्थेच्या पराक्रमावर पुस्तक काढले होते. व्यापाराच्या दृष्टीने त्याहून चांगली जाहिरात कोणती?

त्या दफ्तरातून काय गळते, याचे एक उदाहरण पुरे. १० डिसेंबर १८७५ च्या पहाटे विगन्स पॅच या वस्तीतील ओडोनेल कुटुंबाच्या घरात बुरखेधारी टोळी शिरली. चार्ल्स ओडोनेल यास तिने गोळ्या घातल्या आणि एलन मॅकॲलिस्टर ही गरोदर स्त्रीही त्या हल्ल्यात मारली गेली. संशयितांची नावे त्या टोळीकडे कोठून गेली असतील, हे मॅकपार्लंडला इतके स्पष्ट दिसले की त्याने वरिष्ठांना पत्र लिहून राजीनामा देऊ केला. बायकांच्या खुनात आपण भागीदार होऊ इच्छित नाही, असा त्याचा आशय होता. या खुनांबद्दल कोणालाही शिक्षा झाली नाही. वीस फाशींच्या हिशेबात ही दोन प्रेते कोठल्याच रकान्यात पडत नाहीत.

ही मारली गेलेली स्त्री जॉन केहो याच्या पत्नीच्या माहेरची होती. केहो हा गिरार्डव्हिलचा गुत्तेवाला, त्या गावचा कॉन्स्टेबल आणि आयरिश बंधुमंडळाचा जिल्ह्यातला प्रमुख. गोवेन यांच्या लेखी 'मॉलींचा राजा'. त्याला अखेर ज्या खुनाबद्दल १८ डिसेंबर १८७८ रोजी फाशी देण्यात आले तो खून १८६२ सालचा होता. लँग्डन नावाच्या मुकादमाला जमावाने मारहाण केली आणि काही दिवसांनी तो मरण पावला, अशी ती घटना. तिच्यासाठी चौदा-पंधरा वर्षांनी खटला उभा राहिला आणि पूर्वनियोजित खुनाचा निष्कर्ष निघाला!

केहोच्या वंशजांनी त्याचा गुत्ता आणि त्याच्या आठवणी जपल्या. त्याच्या पणतूने चिकाटीने चालवलेल्या प्रयत्नांमुळे प्रकरण राज्याच्या माफी मंडळापुढे गेले आणि जानेवारी १९७९ मध्ये, फाशीनंतर शंभर वर्षांनी, गव्हर्नर मिल्टन शॅप यांनी केहोला मरणोत्तर माफी दिली. घरातली ट्रंक उघडून बसणाऱ्या माणसाला आपण हौशी म्हणून हसतो. विद्यापीठांना जे शंभर वर्षे जमले नाही ते त्या हौशाने करून दाखवले. मात्र ही माफी एकट्या केहोपुरती होती, आणि तिचा उपयोग केहोला काय झाला असेल, हे सांगायला नको. मुदतीचेच बोलायचे तर १४ जानेवारी १८७९ रोजी मॉक चंक येथे मॅकडॉनेल आणि शार्प यांना फासावर चढवले गेले, तेव्हा गव्हर्नरांचा स्थगितीचा आदेश तुरुंगाच्या दाराशी येऊन पोहोचत होता. दोर ओढला गेल्यानंतर तो आत आला. फाशीच्या शिक्षेचे समर्थन करणारे विद्वान तिच्या जरबेविषयी पुष्कळ लिहितात. या क्षणाविषयी त्यांनी काही लिहिलेले मला आढळले नाही.

गोवेन यांचे पुढे काय झाले, हेही वाचकांना जाणून घ्यावेसे वाटेल. एवढी किंमत देऊन मिळवलेल्या खाणींच्या कर्जाखाली त्यांची कंपनी १८८० साली दिवाळखोरीत गेली आणि १८८९ च्या डिसेंबरात वॉशिंग्टनच्या एका हॉटेलात त्यांनी स्वतःवर गोळी झाडून घेतली. मॅकपार्लंडला मात्र दीर्घ कारकीर्द लाभली. तीस वर्षांनी आयडाहो राज्यात माजी गव्हर्नरांच्या खुनाच्या प्रकरणात खाणकामगारांचा पुढारी बिल हेवूड याच्याविरुद्ध त्याने तीच रीत वापरली: एक खुनी पकडायचा, त्याला माफीची आशा दाखवायची आणि त्याच्या तोंडून पुढाऱ्यांची नावे वदवायची. या वेळी बचावाला क्लॅरन्स डॅरो होते आणि जुलै १९०७ मध्ये ज्यूरीने हेवूडला निर्दोष सोडले. पॉट्सव्हिलच्या आरोपींना तशी ज्यूरी मिळाली असती तर वीसपैकी किती वाचले असते, याचा ज्याने त्याने अंदाज करावा.

हे सारे लिहिताना मुंबईची आठवण येणे अपरिहार्य आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. सुदैवाने त्याच्या अखेरीला फाशीचा खांब नव्हता. परंतु दफ्तराची स्थिती निराळी नाही. ताळेबंद, गिरणीच्या जमिनींचे कागद आणि न्यायालयातील प्रतिज्ञापत्रे जपली गेली आहेत, कारण त्यांना बाजारभाव आहे. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावातील माणसांच्या मुलाखती घेऊन २००४ साली ग्रंथ सिद्ध केला नसता तर त्या माणसांचा आवाजही गेला असता. आवाज वाचला; वस्तू जात आहेत. गेटपास, बदलीची कार्डे, पगाराची पाकिटे, खानावळवालीची वही, संपाच्या महिन्यांत वाण्याने चालू ठेवलेले उधारीचे खाते, हे सारे चाळ पाडताना पोत्यात भरून रद्दीवाल्याकडे जाते. त्या उधारीच्या खात्यातून संपकाळातल्या एका कुटुंबाचा आहार महिन्यामहिन्याने कसा आटत गेला हे काढता येईल, आणि त्यासाठी कोणा परदेशी विद्वानाची गरज लागणार नाही.

आमच्या महाविद्यालयांतून दरवर्षी अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांकडून प्रकल्प लिहून घेतले जातात. त्यांतले बहुतेक एकमेकांची नक्कल असतात, हे तपासणाऱ्या आम्हांला चांगले ठाऊक आहे. त्याऐवजी प्रत्येकाने आपल्या किंवा शेजारच्या घरातील कामगाराचा एक कागद आणावा. तो कोणाचा, कोणत्या गिरणीतला, कोणत्या खात्यातला, तो का जपून ठेवला आणि कोणी दिला, हे त्याच्यासोबत लिहावे. जे कळत नाही तेथे 'कळत नाही' असेच लिहावे. सतरा क्रमांकाच्या कोठडीभोवती आख्यायिकांची पुटे चढली ती ही नोंद वेळीच न झाल्यामुळे. मूळ वस्तू घरच्यांना परत करावी आणि तिचे छायाचित्र ग्रंथालयात ठेवावे. याला शासनाच्या अनुदानाची वाट पाहावी लागत नाही, आणि परळ-लालबागच्या ज्या चाळी अजून उभ्या आहेत त्यांतील माळे आज तरी उघडता येतात.